खेळ शिकवतो, की नुसता रमवतो?
कामगार-प्रशिक्षणातील खेळांची पारख कशी करावी



गटसभेत एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला भर बैठकीत विचारले, "कामगारांना आता खेळ खेळायला लावून शिकवणार म्हणे! आमच्या उसाच्या पैशातून ही कसली थेरं?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. पण घरी जाताना वाटले, प्रश्न रास्त आहे. प्रशिक्षणावर होणारा खर्च शेवटी सभासदाच्याच खिशातून जातो. आणि प्रशिक्षण कच्चे राहिले, तर त्याची किंमत गव्हाणीपाशी, मिलपाशी, बॉयलरपाशी उभा असलेला आपलाच माणूस मोजतो. तेव्हा खेळातून खरोखर शिकता येते का, आणि येत असेल तर चांगला खेळ कोणता व वरवरचा कोणता हे ओळखायचे कसे, याचा थोडा विस्ताराने विचार करू.

खेळातून शिकणे नवे नाही

आपल्या घरातली सापशिडीच घ्या. तिचा जुना पट 'मोक्षपट' म्हणून ओळखला जातो आणि परंपरा तो संत ज्ञानेश्वरांशी जोडते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. फासे टाकता टाकता पोराला बरे-वाईट कळावे, हा त्यातला हेतू.

कामाच्या शिक्षणासाठीही खेळ पूर्वीपासून वापरात आहेत. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर ठोकळे मांडून लढाईचा खेळ वरिष्ठांना दाखवला. पुढे तो तिथल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला. कारखान्याच्या बाबतीत पहिले नाव घ्यावे लागते ते मेरी बिर्श्टाइन या बाईंचे. लेनिनग्राड येथे १९३२ साली त्यांनी टाइपरायटर बनवणाऱ्या कारखान्यातील अडचणींवर बेतलेला खेळ रचला. उत्पादन अडले तर काय करायचे, हे व्यवस्थापकांनी खऱ्या कारखान्याचे नुकसान न करता खेळातच शिकावे, अशी कल्पना होती. अमेरिकेत १९५६-५७ च्या सुमारास संगणकावर चालणारे व्यवस्थापनाचे खेळ आले. आज तेच खेळ हातातल्या टॅबलेटवर आणि मोबाईलवर आले आहेत, एवढाच फरक.

या सगळ्यामागचे तत्त्व एकच. चूक करून माणूस शिकतो, पण काही चुका खऱ्या जागी करून चालत नाहीत. केन कॅरियरमध्ये ऊस अडकला म्हणून वीज न तोडता आत उतरणे, ही चूक माणूस दुसऱ्यांदा करायला कदाचित शिल्लक राहायचा नाही. खेळात मात्र ती दहा वेळा करता येते.

आम्ही काय पाहिले

गेल्या बिगर हंगामात सुरक्षेचा असा एक खेळ नमुन्यादाखल आला होता. तो कोणाचा, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. टॅबलेटच्या पडद्यावर कॅरियर दिसतो, ऊस अडकतो, आणि खेळणाऱ्याने योग्य क्रमाने काम करायचे असते. कॅरियर थांबवा, वीज तोडा, स्विचला कुलूप लावा, चावी स्वतःजवळ ठेवा, पाटी अडकवा, चालू करून पाहून खात्री करा, मगच उतरा. विषय उत्तम. आम्ही हॉलच्या कडेला बसून पाहत होतो.

मिल हाऊसमधले एक जुने कामगार खेळायला बसले. तीस हंगाम पाहिलेला माणूस, पोरे त्यांना नाना म्हणतात. कुलपाचे चित्र बोटाने ओढून स्विचवर नेऊन सोडायचे होते. नानांच्या बोटांना घट्टे. चित्र अर्ध्यात सुटे. "साहेब, बोट लागंना," ते हळूच म्हणाले. त्यातच पडद्यावर शब्द आला, 'ऊर्जास्रोताचे विलगीकरण करा'. आपल्याकडे कोण असे बोलतो? "लाईट तोड, फ्यूज काढ" म्हटले असते तर नाना झोपेतसुद्धा चुकले नसते. वेळ संपली, मोठा कर्कश आवाज झाला आणि लाल अक्षरांत 'अनुत्तीर्ण' आले. मागची पोरे हसली. नाना उठले, टोपी झटकली आणि गेले. दुसऱ्या दिवशी ते प्रशिक्षणाला आलेच नाहीत.

त्यांच्यानंतर एक नवा पोरगा बसला. तिसऱ्या फेरीत त्याला पैकीच्या पैकी गुण. टाळ्या झाल्या. संध्याकाळी आम्ही त्याला सहज मिल हाऊसमध्ये नेले आणि विचारले, "बाबा, कॅरियरचा स्विच यातला कुठला?" तो पॅनेलकडे बघत राहिला. पडद्यावर तो स्विच नेहमी डाव्या कोपऱ्यात हिरवा असायचा. त्याने जागा पाठ केली होती, काम नव्हे.

खेळाच्या शेवटी एकच प्रश्न विचारला होता, 'खेळ आवडला का?' जवळजवळ सगळ्यांनी 'हो' वर बोट ठेवले होते. त्या एका प्रश्नावर विसंबून खेळ विकत घेतला असता, तर काम जाणणारा नापास आणि न जाणणारा पास, असा उलटा न्याय आपण पैसे देऊन पदरात घेतला असता.

'आवडले' म्हणजे 'शिकले' नव्हे

प्रशिक्षणाची पारख कशी करावी याची एक साधी रीत डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली लेखमालेतून मांडली. ती आजही जगभर वापरतात. त्यात चार पायऱ्या आहेत. पहिली, शिकणाऱ्याला कसे वाटले. दुसरी, तो काय शिकला. तिसरी, कामावर गेल्यावर त्याचे वागणे बदलले का. चौथी, त्यातून संस्थेला काय फळ मिळाले, म्हणजे अपघात घटले का, नासाडी कमी झाली का.

आपली चूक अशी होते, की आपण पहिल्या पायरीवर उभे राहून चौथी गाठल्याचे जाहीर करतो. उसाचे उदाहरण घ्या. फड हिरवागार दिसला म्हणून उतारा चांगला लागेलच असे कोणी शेतकरी म्हणेल का? रसाची तपासणी झाल्याशिवाय बोलता येत नाही. खेळाचेही तसेच आहे.

मग पहिली पायरी बिनकामाची का? मुळीच नाही. नानांना कसे वाटले हे महत्त्वाचेच आहे, कारण ज्याला अपमान वाटला तो परत येत नाही, आणि जो येत नाही तो शिकणार कुठून? फक्त ते 'कसे वाटले' नीट विचारले पाहिजे. आपल्याकडे साहेबांनी विचारले की माणूस "चांगलं हाय की" असेच म्हणतो. ते सौजन्य झाले, मत नव्हे.

अनुभव तपासण्याच्या तीन रीती

पहिली रीत, शेजारी बसून पाहणे. खेळणाऱ्याला सांगायचे, की तू खेळताना मनात येईल ते मोठ्याने बोलत जा. "हे कुठं दाबू? हे लाल कशाचं?" असे तो बोलत राहतो आणि आपण वहीत टिपत राहायचे. मध्ये शिकवायचे नाही. कुठे अडला, किती वेळ अडला, कुणाची मदत मागितली, एवढेच लिहायचे. यासाठी फार माणसे लागत नाहीत. नील्सन आणि लँडॉवर या अभ्यासकांनी १९९३ साली दाखवले, की त्यांनी तपासलेल्या कामांत एक माणूस सरासरी ३१ टक्के दोष उघड करत होता. त्या हिशेबाने पाच माणसांत सुमारे ८५ टक्के दोष हाती लागतात. मात्र ही पाच माणसे एकाच साच्यातली नकोत. एक जुना, एक नवा, एक कमी शिकलेला, एक चष्मेवाला, एक रात्रपाळीचा, अशी निवड हवी. कचेरीतल्या पाच बाबूंनी खेळ तपासला तर नानांची अडचण जन्मात कळायची नाही.

दुसरी रीत, ठरावीक प्रश्नावली. जॉन ब्रुक यांनी इंग्लंडमध्ये एका संगणक कंपनीत काम करताना १९८६ साली दहा विधानांची एक प्रश्नावली केली. साधन वापरायला सोपे आहे का, दुसऱ्याची मदत लागते का, वापरताना आत्मविश्वास वाटतो का, अशा धर्तीची ही विधाने. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे, १ म्हणजे अजिबात पटत नाही, ५ म्हणजे पूर्ण पटते. गंमत अशी, की १, ३, ५, ७, ९ ही विधाने स्तुतीची आणि २, ४, ६, ८, १० ही तक्रारीची असतात. त्यामुळे न वाचता सरसकट ५ लिहिणारा लगेच उघडा पडतो.

हिशेब कोणालाही जमेल असा आहे. स्तुतीच्या विधानाच्या गुणांतून १ वजा करायचा. तक्रारीच्या विधानाचे गुण ५ मधून वजा करायचे. आलेल्या दहा आकड्यांची बेरीज करून तिला अडीचने गुणायचे. समजा, एका पंपवाल्याने स्तुतीच्या विधानांना ४, ४, ३, ४, ४ दिले. त्याचे झाले ३, ३, २, ३, ३, म्हणजे १४. तक्रारीच्या विधानांना २, ३, २, २, ४ दिले. त्याचे झाले ३, २, ३, ३, १, म्हणजे १२. एकूण २६, त्याला अडीचने गुणले की ६५. हे टक्के नव्हेत बरं का! अनेक साधनांच्या चाचण्यांतून या मापाची सरासरी ६८ च्या आसपास आली आहे. म्हणजे ६५ हा सरासरीपेक्षा जरा खालचा आकडा. ज्यांना वाचायला जड जाते त्यांना विधाने आपल्या बोलीत वाचून दाखवावीत. पण वाचणारा त्यांचा वरिष्ठ नसावा, आणि कागदावर नाव नसावे.

तिसरी रीत, खेळाच्या ओघावर लक्ष ठेवणे. चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली मांडले, की काम माणसाच्या कुवतीपेक्षा फार अवघड असले की तो धास्तावतो, फार सोपे असले की कंटाळतो, आणि दोन्हींचा मेळ बसला की तल्लीन होतो. म्हणून पाहावे, की नवा माणूस पहिल्याच फेरीत घाबरतो आहे का, आणि जुना जांभया देतो आहे का. एकच फेरी सगळ्यांना लावणारा खेळ म्हणजे एकाच मापाचा जोडा सगळ्या टोळीला वाटण्यासारखे आहे.

कधी त्रास झाला तरी खेळ चांगला असतो

आता याची दुसरी बाजू. एम.आय.टी. या अमेरिकन संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या मंडळींनी १९६० च्या सुमारास एक खेळ रचला. नाव 'बीअर गेम'. माळकरी सभासदांनी नाक मुरडू नये, यात पेला एकही नाही! चार खेळाडू, चार भूमिका. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाने फक्त मागच्याकडे मागणी नोंदवायची. निरोप पोहोचायला वेळ लागतो, माल यायलाही वेळ लागतो, आणि एकमेकांशी बोलायची मनाई. पेटी शिल्लक राहिली तर आठवड्याला अर्धा डॉलर दंड, मागणी पुरी झाली नाही तर पेटीमागे एक डॉलर.

गिऱ्हाईक सुरुवातीचे चार आठवडे ४ पेट्या मागते, पाचव्यापासून ८ मागते आणि शेवटपर्यंत ८ च मागत राहते. बदल एवढा एकच. पण दुकानदार घाबरून जास्त मागवतो, मागचा त्याहून जास्त, कारखान्यापर्यंत जाताना त्याचा डोंगर होतो. आधी सगळीकडे तुटवडा, मग सगळीकडे ढीग. जॉन स्टर्मन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संघांचा सरासरी खर्च, जेवढ्यात भागले असते त्याच्या सुमारे दहापट निघाला.

खेळताना माणसे चिडतात, एकमेकांवर खापर फोडतात. त्या घटकेला 'खेळ कसा वाटला' विचारले तर काही जण कपाळाला हात लावतील. पण खेळ संपल्यावर त्यांना गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगतात. बहुतेक जण चढउतारांचा आलेख काढतात. मग खरी सरळ रेघ दाखवली, की सगळे गप्प होतात. गिऱ्हाईक शांत होते, गोंधळ आपणच घातला, हे तेव्हा उमगते.

आपल्या शेतकी विभागाला हे नवे नाही. एक दिवस यार्डात गाड्यांची रांग, दोन दिवसांनी 'नो केन'. स्लिप बॉय टोळीला दोष देतो, टोळी वाहतुकीला, वाहतूकवाला काट्याला. निरोप आणि गाडी यांच्यामधला वेळ कोणी हिशेबात धरत नाही, आणि तोडलेला ऊस वाळत पडतो तो सभासदाचा.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. खेळातला त्रास दोन जातींचा असतो. नानांचा त्रास बोटाचा आणि शब्दाचा होता, तो निरुपयोगी. बीअर गेममधला त्रास विषयातलाच आहे, तो शिकवतो. पारख करणाऱ्याने हे दोन त्रास वेगळे टिपले पाहिजेत. दुसरे म्हणजे, खरे शिक्षण खेळ संपल्यावरच्या बैठकीत होते. काय झाले, का झाले, आपल्या कामात असे कुठे होते, ही चर्चा न करता टॅबलेट गोळा करून मंडळी चहाला गेली, तर निम्मे पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

मग खेळ उपयोगी पडतो की नाही?

ट्रेसी सिट्झमन या संशोधिकेने प्रौढांना कामाशी संबंधित शिक्षणासाठी दिलेल्या अशा खेळांवरचे अभ्यास एकत्र करून २०११ साली निष्कर्ष मांडले. खेळातून शिकलेल्यांचा आत्मविश्वास तुलनेच्या गटापेक्षा २० टक्के जास्त होता, माहिती ११ टक्के, काम करण्याच्या रीतीचे ज्ञान १४ टक्के आणि ध्यानात राहणे ९ टक्के जास्त. आकडे चांगले आहेत. पण बाईंनी प्रांजळपणे हेही लिहिले, की यशाचे अभ्यास छापले जातात आणि अपयशाचे फडताळात राहतात, असा भक्कम पुरावा त्यांना दिसला. विक्रेता वरचे आकडे सांगेल, खालचे वाक्य सांगणार नाही.

आणि आत्मविश्वास २० टक्के पण माहिती ११ टक्के, हेही जपून वाचावे. ज्ञानापेक्षा विश्वास जास्त वाढला तर कॅरियरजवळ तो धोकाच आहे. आमचा पैकीच्या पैकीवाला पोरगा आठवा.

त्याच अभ्यासात आणखी तीन गोष्टी निघाल्या. नुसते बघत बसण्यापेक्षा हाताने करायला लावणारा खेळ जास्त शिकवतो. हवा तितक्या वेळा खेळता आला तर फायदा वाढतो. आणि इतर शिक्षणाच्या जोडीला दिलेला खेळ एकट्या खेळापेक्षा सरस ठरतो. शिवाय ज्या ठिकाणी दुसऱ्या गटाला शिकण्यात सक्रियपणे गुंतवून शिकवले होते, तिथे खेळ मागे पडला. म्हणजे चांगला फिटर पोराचा हात धरून शिकवत असेल, तर त्याला हटवून टॅबलेट आणणे हा तोट्याचा सौदा आहे.

सक्तीबद्दलही एक शब्द. मॉलिक आणि रॉथबार्ड यांनी २०१४ च्या सुमारास एका कंपनीत विक्रीच्या कामाला खेळाचे रूप देऊन पाहिले. ज्यांना तो खेळ मनापासून मान्य होता त्यांना कामात बरे वाटले, ज्यांना मान्य नव्हता त्यांना उलट वाईट वाटले. हुकमाने गंमत होत नाही, हे आपल्याला शाळेतल्या कवायतीपासून ठाऊक आहे.

आपण काय करावे

पुढचा खेळ घेण्याआधी प्रशिक्षण समितीने पुढील गोष्टी कराव्यात, असे आम्हाला वाटते.

१. पैसे देण्याआधी वेगवेगळ्या विभागांतील पाच कामगारांना खेळायला बसवावे आणि शेजारी बसून टिपणे काढावीत.

२. पडद्यावरचे शब्द आपल्या मिल हाऊसमधले असावेत. सूचना वाचण्याबरोबर ऐकताही याव्यात.

३. गुण ज्याचे त्यालाच दिसावेत. भर हॉलमध्ये 'अनुत्तीर्ण' नको.

४. एका पाळीला खेळ, दुसऱ्या पाळीला फोरमनकडून प्रत्यक्ष शिक्षण, असे करून दोन्ही पाळ्यांची आधी व नंतर सारखीच परीक्षा घ्यावी. परीक्षा खऱ्या पॅनेलपाशी, खऱ्या कुलुपाने घ्यावी.

५. हंगाम सुरू झाल्यावर महिन्याभराने पुन्हा पाहावे, की कॅरियर अडकला तेव्हा कुलूप लागले का आणि चावी कोणाच्या खिशात होती.

६. प्रत्येक खेळानंतर अर्धा तास चर्चा ठेवावी, आणि ती जाणत्या कामगाराने चालवावी.

शेवटच्या कलमासाठी आमच्या डोळ्यांसमोर एक माणूस आहे. परवा आम्ही नानांच्या घरी गेलो होतो. चहा झाल्यावर विचारले, "नाना, त्या खेळात काय बदललं तर चालेल?" ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "कुलूप हातात द्या की राव माझ्या. आन् त्या पोरांना म्हणावं, चावी शेजाऱ्याच्या खिशात ठिवू नका. आमच्या वेळंला ठिवली होती एकानं." पुढे ते बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही.

हे ध्यानात ठेवण्याजोगे वाक्य त्या खेळात कुठेच नव्हते. ते त्यात यावे, आणि नानांनीच ते सांगावे, अशी आमची समितीला विनंती आहे. सभासदांनीही आपली मते शेतकी गट कार्यालयात लेखी द्यावीत. बॉयलर पेटण्याआधी निर्णय झाला तर यंदाच्या हंगामाला त्याचा उपयोग होईल.